बारा रविवार आणि एक थर्मामीटर

५ जानेवारीला, रविवारी, मी आयुष्यात पहिल्यांदा चिकन शिजवलं. वय वर्षं सत्तेचाळीस. बायको कामानिमित्त तीन महिने बाहेर होती, घरात मी आणि चौदा वर्षांची लेक. पहिला आठवडा आम्ही अंड्यांवर काढला. मग ती म्हणाली, "बाबा, चिकन कर ना. त्यात काय असतं एवढं?"

त्यात काय असतं ते कळायला मला पुढचे बारा रविवार लागले. ज्यांना कच्च्या चिकनला हात लावायचीसुद्धा धास्ती वाटते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मलाही वाटायची.

त्या पहिल्या दिवशी मी आठ तंगड्यांना हाताला लागेल तो मसाला चोळला: तिखट, हळद, जिरेपूड, मिरी आणि वाटलेला लसूण, सगळं सढळ हाताने. मग पॅन कडकडीत तापवून त्यात सोडल्या. बारा मिनिटांत बाहेरून कोळसा. एक कापून बघितली तर हाडाशी लालसर, चकचकीत, कच्ची. घाबरून झाकण ठेवलं आणि आणखी अर्धा तास शिजू दिलं. शेवटी ताटात जे आलं ते वरून कडू, आतून अळणी आणि दाताला चिवट. लेकीने दोन घास खाल्ले आणि "ठीक आहे" म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीचं "ठीक आहे" म्हणजे काय, हे घरात मुलं असलेल्यांना सांगायला नको.

दुसऱ्या रविवारी, १२ तारखेला, मी दुसऱ्या टोकाला गेलो. कच्चं राहायला नको म्हणून बोनलेस ब्रेस्टचे तुकडे झाकण ठेवून पाऊण तास शिजवले. कच्चं राहिलं नाही हे खरं. पण इतकं वातड झालं की सुरीसुद्धा कुरकुरली.

त्या रात्री मी ताईला फोन केला. ती गेली तीस वर्षं चिकन करते आहे. मी म्हटलं, "ताई, शिजलं हे तुला कळतं कसं?" ती म्हणाली, "अरे, कळतं. हाताला कळतं, वासाने कळतं." माझ्या हाताला आणि नाकाला तीस वर्षं मिळणार नव्हती. मी स्वयंपाकाचा थर्मामीटर मागवला, टोकदार सळी असलेला, डिजिटल. किंमत आम्हा दोघांच्या बाहेरच्या एका साध्या जेवणाएवढी. यायला चार दिवस लागले.

तो आल्यावर आधी त्याचीच परीक्षा घेतली. ग्लासभर बर्फाचा चुरा, वर थोडं पाणी, ढवळून मिनिटभर थांबायचं. थर्मामीटरने शून्य दाखवायला हवं, माझ्याने १ दाखवलं. मग उकळतं पाणी: १००. म्हटलं, एक अंश इकडेतिकडे चालेल. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, कंटाळा करू नका.

आता किती तापमान हवं? शोधायला बसलो तर गोंधळ वाढला. अमेरिकेचं कृषी खातं १६५ अंश फॅरनहाइट सांगतं, म्हणजे सुमारे ७४ अंश सेल्सिअस. ब्रिटनची अन्न सुरक्षा यंत्रणा म्हणते, आतलं तापमान ७० अंश असेल तर ते दोन मिनिटं टिकायला हवं. कोण बरोबर? दोघेही. जंतू मरायला तापमान लागतं तसा वेळही लागतो. तापमान थोडं कमी असेल तर वेळ जास्त द्यायचा. मिनिटं मोजत बसायला नको म्हणून मी ७४ धरून चाललो. सळी तुकड्याच्या सगळ्यात जाड भागात खुपसायची आणि हाडाला टेकू द्यायची नाही. हाडाजवळ आकडा फसवतो.

१९ जानेवारीला तंगड्यांचा आकडा ७६ झाला आणि मी गॅस बंद केला. कापल्या तर हाडाशी परत गुलाबी! माझं तर अवसानच गळालं. मग कळलं की रंगावर भरवसा ठेवायचा नसतो. कोवळ्या कोंबडीच्या हाडातल्या मगजाचा रंग शिजतानाही आजूबाजूच्या मांसात उतरतो, त्यामुळे पूर्ण शिजलेला तुकडाही हाडाशी गुलाबी दिसू शकतो. उलट, पांढरं दिसणारं मांस आतून पुरेसं तापलेलं असेलच असंही नाही. पण ७६ अंशांची ती तंगडी खायला काही बरी नव्हती. दाताखाली रबरासारखी ताणली जात होती. उरलेल्या चार मी मंद आचेवर ८४ पर्यंत नेल्या आणि मांस हाडावरून सहज सुटलं. तंगडी आणि मांडी हे कोंबडीचे राबणारे भाग. त्यांच्यात चिवट धागे जास्त, ते वितळून मऊ व्हायला जास्त उष्णता आणि वेळ लागतो. म्हणजे ७४ हे पास होण्यापुरते मार्क झाले. तंगडी आणि मांडीला ८० ते ८५ हवेत. ब्रेस्टला मात्र ७४ च्या पुढे गेलात की दर अंशाला तो कोरडा होत जातो. एकाच कोंबडीचे दोन भाग, आणि मी दोन आठवडे दोघांना नेमकी उलटी वागणूक देत होतो.

शिजवण्याचा प्रश्न सुटला तरी चव नव्हतीच. मसाला दुप्पट केला, तरी बाहेर झणझणीत आणि आत अळणी. ताई फोनवर हसली. "अरे, मसाला कमी नाही पडत तुझा. मीठ कमी पडतंय. आणि उशिरा पडतंय."

मी वजनकाटा काढला. हाडासकट एक किलो तुकड्यांना १२ ग्रॅम मीठ, बोनलेसला १०. माझ्याकडच्या बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा साधारण ६ ग्रॅम भरला, म्हणजे किलोला दोन चमचे. जाडं मीठ असेल तर चमच्याचा हिशेब चुकतो, तेव्हा वजनच करा.

२५ जानेवारी, शनिवार, रात्री नऊ. तंगड्या टिपकागदाने कोरड्या केल्या, सगळीकडून मीठ लावलं आणि एका पसरट ताटात एकमेकींना न टेकवता ठेवून, न झाकता, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवल्या. खालचा कप्पा अशासाठी की कच्च्याचा थेंब गळला तरी खाली दुसरं काही नको. दहा वाजता उत्सुकतेपोटी उघडून पाहिलं तर प्रत्येक तंगडीवर घामासारखे थेंब. वाटलं, सगळा रस निघून चालला! बारा वाजता पाहिलं तर थेंब कमी झालेले. सकाळी ताट कोरडं, कातडी ताणून बसवलेल्या कागदासारखी घट्ट आणि किंचित पारदर्शक, खालचं मांस गुलाबी दिसतंय. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, त्यात विरघळतं, मग ते खारं पाणी हळूहळू आत जातं. मांसातल्या प्रथिनांवर मिठाचा असा परिणाम होतो की शिजताना ती पाणी जास्त धरून ठेवतात. म्हणजे चव आत जाते आणि कोरडेपणाही कमी होतो.

त्या रविवारी मी मिरीपूड सोडून काहीही घातलं नाही. लेक काही बोलली नाही. दुसरी तंगडी उचलली, मग तिसरी. बारा आठवड्यांतला माझा सगळ्यात आनंदाचा क्षण हाच, आणि त्यात मिरी सोडली तर एकही मसाला नव्हता.

रात्रभर वेळ नसेल तर निदान पाऊण तास आधी मीठ लावा. तेवढाही नसेल तर थेट पॅनमध्ये टाकताना लावा. दहा मिनिटं आधी लावणं सगळ्यात वाईट, तेव्हा पाणी नेमकं वर आलेलं असतं.

त्याच फोनवर ताईशी वादही झाला. मी चिकन धुणं बंद केलं होतं. "न धुता? शी!" आता तीस वर्षांच्या सवयीशी कोण भांडणार? पण मी एक प्रयोग केला. सिंकच्या भोवती टिपकागद पसरले आणि वाडग्यातल्या एका वांग्यावर नळ सोडला, चिकनवर सोडतो तसाच. कागद उचलून बघितले तर हातभर लांबवर ओले ठिपके, भांडी निथळायला ठेवतो तिथपर्यंत. कच्च्या चिकनवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असू शकतात. पाण्याने ते मरत नाहीत, फक्त ओट्यावर, ग्लासांवर, कोशिंबिरीच्या काकडीवर उडतात. मारायचं काम आचेचं. पाकिटातला चिकटपणा जायला हवा असेल तर टिपकागदाने पुसा, तो कागद लगेच कचऱ्यात टाका आणि हात साबणाने वीस सेकंद धुवा. मी ताईला कागदाचे फोटो पाठवले. तिने निळ्या खुणा केल्या, उत्तर दिलं नाही.

२ फेब्रुवारीला थोडी हवा डोक्यात गेली होती. तीन लिंबांचा रस पिळून चिकन रात्रभर मुरत ठेवलं. जितकं जास्त मुरेल तितकं चांगलं, हे कुठेतरी डोक्यात पक्कं बसलेलं. सकाळी तुकडे बाहेरून पांढरे फटक, शिजवल्यासारखे. खाताना वरचा थर पिठूळ, भरभरीत. आंबट रस मांसाच्या पृष्ठभागावरची प्रथिनं आचेशिवायच बदलून टाकतो. तेव्हापासून लिंबू एकतर अर्धा तास आधी, नाहीतर गॅस बंद केल्यावर वरून. मला दुसरं जास्त आवडतं, वास ताजा राहतो.

दही मात्र रात्रभर चालतं, त्याचा आंबटपणा सौम्य. ९ तारखेला दही, लसूण, तिखट, थोडं तेल आणि तेच मोजून मीठ लावून ठेवलं. शिजल्यावर एक तुकडा मधोमध आडवा कापला आणि पट्टी लावली: रंग आत फार तर दोन-तीन मिलिमीटर. दहा तास मुरवून! आत जातं ते मीठ. बाकीचा मसाला वरच बसतो. मग मसाला आत पोचवायच्या खटपटीत कशाला पडायचं? जाड तुकड्यांना दोन-तीन चिरा द्यायच्या म्हणजे वरचा भागच वाढतो. आणि पॅनमध्ये टाकण्याआधी जादाचं दही बोटाने निपटून काढायचं. नाहीतर ते आधी पाणी सोडतं आणि मग खाली लागतं.

आता कातडीसकट मांड्या. या पद्धतीसाठी मी सगळं पुन्हा करायला तयार आहे.

१६ फेब्रुवारी. मीठ लावून रात्रभर उघड्या ठेवलेल्या चार मांड्या. पॅन थंड, तेल नाही. कातडी खाली करून चारही मांड्या मांडल्या आणि मगच गॅस लावला, मध्यमहून थोडा कमी. पहिली तीन-चार मिनिटं काहीच नाही, मला वाटलं गॅस विझला. मग बारीक चरचर सुरू झाली. सातव्या-आठव्या मिनिटाला कडेने स्वच्छ, पिवळसर चरबी पाझरू लागली आणि मांड्या स्वतःच्याच चरबीत तळल्या जाऊ लागल्या. एकदा उलथण्याने उचलून बघायचा मोह झाला, कातडी पॅनला चिकटलेली. सोडून दिलं. पंधराव्या मिनिटाला हलकं ढकललं तर आपसूक सुटली. खाली सगळीकडे सारखा, खरपूस, तांबूस रंग. उलटवून आणखी दहा मिनिटं, थर्मामीटरवर ८२. शेवटच्या दोन मिनिटांत ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या त्या चरबीत टाकल्या. लसूण आधी टाकला की जळून कडू होतो, पहिल्या रविवारचा कडवटपणा बराचसा त्याचाच होता. मांड्या बाहेर काढल्या, जादा चरबी वाटीत ओतली, पॅनच्या बुडाला लागलेल्या तपकिरी खरपुडीवर अर्धी वाटी पाणी घालून लाकडी उलथण्याने खरवडलं, निम्मं आटवलं, लिंबू पिळलं. कातडी मऊ पडू नये म्हणून ते मांड्यांच्या वर न ओतता खाली ओतलं.

यशाने चेकाळून त्याच संध्याकाळी त्याच पॅनमध्ये सहा मांड्या कोंबल्या. चरचर ऐकू आलीच नाही, नुसतं बुडबुड. तुकड्यांतून सुटलेलं पाणी उडून जायला जागा नाही, म्हणून ते तिथेच उकळत बसलं. पाणी असेपर्यंत तापमान १०० च्या वर जात नाही, आणि खरपूस रंग चढायला साधारण १४० तरी लागतं. त्या रंग-वासामागची रासायनिक क्रिया लुई कामील मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली, तिला त्याचंच नाव आहे. माझ्या सहा मांड्यांना मात्र मायारसाहेबांचं दर्शन घडलं नाही. राखाडी, ओलसर, उकडल्यासारख्या निघाल्या. तुकड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा, दोन खेपांत करा.

२३ फेब्रुवारीचा रविवार फुकट गेला. दीड किलो चिकन एकाच पिशवीत फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, त्याचा दगड झालेला, आणि शनिवारी रात्री खाली फ्रिजमध्ये काढायला विसरलो. ओट्यावर ठेवून वितळवू नये, बाहेरचा भाग गरम होऊन जंतू वाढतात तेव्हा आत अजून बर्फच असतो. घट्ट बंद पिशवी थंड पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाने पाणी बदलत बसलो. अडीच तास झाले तरी मध्ये गोळा होताच. लेकीने अंडी फोडली. आता एका जेवणापुरते तुकडे एका थरात चपटे पसरून पिशवीत भरतो, वर तारीख लिहितो. असं पाकीट रात्रभरात फ्रिजमध्येच सुटतं.

त्या दिवशी रिकामा वेळ होता म्हणून फ्रिजमध्ये पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून पाहिला. ८ अंश! ४ किंवा त्याखाली हवा. बटण फिरवून पुन्हा मोजलं तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे ४ वर आला. कच्चं चिकन फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच ठेवायचं हा नियमसुद्धा ४ अंश धरूनच आहे.

२ मार्च, ओव्हनमध्ये विंग्ज. किलोभर विंग्जना मिठासोबत दोन छोटे चमचे बेकिंग पावडर चोळायची, जाळीवर ठेवायचे, २२० अंशांवर ४५ मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. कातडी तळल्यासारखी कुरकुरीत होते. बेकिंग पावडर, सोडा नव्हे. मी डब्यावरचं नाव न वाचता सोडा घातला. साबणासारखी चव जिभेवर संध्याकाळपर्यंत राहिली. पुढच्या बुधवारी योग्य डबा उघडला आणि सगळं व्यवस्थित झालं. मसाला भाजून झाल्यावर लावायचा: गरम लोणी, तिखट, मिरी, एका वाडग्यात घोळून. तिखटाचा रंग आणि झोंबणं दोन्ही स्निग्धात उतरतात, त्यामुळे थोड्या मसाल्यात भागतं आणि तो जळतही नाही.

९ मार्चला मी परत ब्रेस्टकडे वळलो, जुना हिशेब चुकता करायला. त्याची अडचण आकारात आहे: एक टोक जाड, दुसरं पातळ. जाड शिजेपर्यंत पातळ वाळून जातं. म्हणून आडवा चिरून दोन सारख्या पातळ चकत्या करायच्या, मीठ लावायचं, कोरड्या करायच्या, गरम पॅनमध्ये थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी मिळून सहा-सात मिनिटं. चार मिनिटांपासून थर्मामीटर लावत राहायचं, ७४ दिसले की लगेच बाहेर. दुसरा मार्ग याहून सोपा: गार पाण्यात मीठ, मिरी, लसूण आणि ब्रेस्ट घालून मंद तापवायचं, पाणी हललं पाहिजे पण उकळता कामा नये. इथेही ७४ दिसले की झाला, आणि हाताने धागे सुटतात. दिसायला निस्तेज, पण लेकीच्या डब्यात आठवड्यातून दोनदा जातो.

१६ मार्चला पूर्ण ताटभर भाजलेल्या तंगड्या रात्री ओट्यावर विसरलो. सकाळी वास छान येत होता. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं फेकायचं, हा नियम मला पाठ होता, तरी मी पाच मिनिटं त्या ताटापुढे उभा राहिलो. मग फेकलं. सगळ्या बारा आठवड्यांत याच वेळी खरोखर जीव हळहळला.

२३ मार्चला बायको परत आली. तिच्यासाठी मांड्याच केल्या, थंड पॅनमधल्या. चार, सहा नव्हे.

ताईला मी तसलाच थर्मामीटर भेट पाठवला होता. परवा तिचा फोन आला. "तू सांगितलंस तसं उकळत्या पाण्यात घालून बघितलं. ९८ च्या वर जातच नाही. खराब आलाय, परत करते."

मी म्हटलं, "ताई, तुझं घर डोंगरावर आहे. दर तीनशे मीटरला पाणी जवळपास एक अंश आधी उकळतं. बर्फात किती दाखवतोय?"

"शून्य."

"मग ठेव."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तरी मी धुणार हं चिकन."